पुन्हा उभं करता येईल असं दप्तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला हजार हेक्टरांच्या आसपास जंगलावर तसाच हक्क मिळाला. पुढे अशा गावांची संख्या एकट्या गडचिरोलीत हजारावर गेली. हक्क जंगलावरचा, पण तो सिद्ध झाला कागदांवर: निस्तार पत्रक, वडीलधाऱ्यांची निवेदनं, वनहक्क समितीचे ठराव, सीमा दाखवणारे नकाशे. हक्क मिळाल्यावर कागद आणखी वाढले. बांबू तोडायचा तर व्यवस्थापन आराखडा हवा, माल बाहेर न्यायचा तर ग्रामसभेचा वाहतूक परवाना हवा. तेंदूचा लिलाव करायचा तर जाहिरात, निविदा, करारनामा, रोज कोणी किती पुडकी आणली त्याची नोंद, आणि शेवटी घरोघरी वाटलेल्या मजुरीचा हिशेब.

यातलं बरंचसं आता एखाद्या संगणकात असतं. तो समाजमंदिरात असेल, गावातल्या शिकलेल्या पोराच्या घरी असेल, नाहीतर सेवा केंद्राच्या टेबलावर. त्याच डिस्कवर त्या पोराचे स्पर्धा परीक्षेचे नोट्स असतात, बहिणीच्या लग्नाचे फोटो असतात, शेजारच्या गुरुजींचे पगारपत्रक असते. डिस्क गेली तर सगळं एकदम जातं. दुकानदार सांगतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटा पाहिजे होता का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ येऊ नये म्हणून मुक्तस्रोत (ओपन सोर्स) साधनांनी आज काय करता येतं, कुठे ती अपुरी पडतात आणि या दोन जिल्ह्यांच्या परिस्थितीत त्यांतलं नेमकं काय निवडावं, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बॅकअपची चर्चा आपण प्रत घेण्यापाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो, तिची खरी सुरुवात मात्र परत उभं करण्यापासून व्हायला हवी. साधन निवडताना ‘हे प्रत कशी घेतं’ याआधी ‘माझ्यावाचून, नेटवाचून, दुसऱ्या मशीनवर हे परत कसं आणता येईल’ हे विचारलं, की निम्मी साधनं आपोआप गळून पडतात.

मुक्तस्रोतच का

फुकट मिळतं म्हणून, हे सर्वांत कमकुवत कारण आहे. विकतची चांगली साधनं आहेत आणि ज्याला परवडतात त्याने ती जरूर घ्यावीत. पण परत उभं करण्याच्या दिवशी विकतचं साधन बहुधा दोन गोष्टी मागतं: परवान्याची किल्ली आणि इंटरनेट. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्याच्या आतल्या गावात पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी हाताशी असतील असं धरून चालता येत नाही. दुसरं कारण फाइलीच्या घडणीचं. ‘टार’ हा साठवणीचा प्रकार १९७९ च्या युनिक्समध्ये आला आणि आजच्या कुठल्याही लिनक्सवर तो उघडतो, कारण त्याची घडण सर्वांना माहीत आहे. एखाद्या कंपनीच्या खास स्वरूपातली बॅकअप फाइल पंधरा वर्षांनी उघडेल की नाही, हे त्या कंपनीवर अवलंबून असतं. गडचिरोलीत पंधरा वर्षं हा फार मोठा काळ नाही. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि शेजारच्या ४७ गावांशी त्याची तुलना केली. १९९९ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तेव्हा त्यामागे गावोगावी वर्षानुवर्षं नेमाने ठेवलेल्या नोंदी होत्या. वनहक्काच्या नोंदींचं आयुष्य तर पिढ्यांचं आहे.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुक्तस्रोत साधन एका गावाने पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावाला द्यावं, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यावं, यात कुठलाही कायदा मोडत नाही. जिथे ग्रामसभा महासंघाच्या बैठकीत एका गावाचं शहाणपण दुसऱ्या गावात पोहोचतं, तिथे साधनही त्याच वाटेने पोहोचू शकतं.

याच्या उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मुक्तस्रोत साधनं अनेकदा मूठभर स्वयंसेवकांच्या वेळेवर चालतात. ‘सिंकथिंग’ हे फोन आणि संगणक यांच्यातली फोल्डरं सारखी ठेवणारं उत्तम साधन, पण त्याचं अँड्रॉइडवरचं अधिकृत अॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि वापरणाऱ्यांना इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती शोधावी लागली. ‘डुप्लिकाटी’ हे बॅकअपचं साधन कित्येक वर्षं ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीत, हा शिक्का लावूनच फिरत होतं. आणि मदतीचा मजकूर जवळजवळ सगळा इंग्रजीत. मराठीत या विषयावर चांगलं पुस्तक असायला हवं, ते लिहिण्याची गरज मला मनापासून वाटते.

इथे डेटा कशाने जातो

परदेशी लेखांत वणवा, चोरी आणि खंडणीखोर व्हायरस यांचा क्रम लावलेला असतो. आपल्याकडचा क्रम वेगळा. पहिली येते ती लाइन. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल अर्धी राहते, आणि परत आलेल्या विजेचा दाब वरखाली झाला की पॉवर सप्लायसोबत डिस्कही जाते. त्यानंतर उन्हाळा. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या ठिकाणांच्या यादीत असतात, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून वर. फिरत्या चकतीची डिस्क साधारण ६० अंशांपर्यंत चालावी अशी बनवलेली असते, पण बंद खोलीत, धुळीने पंखा भरलेल्या कॅबिनेटमध्ये ही मर्यादा फार लांब राहत नाही.

एसएसडीबाबत, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्कबाबत, एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. उद्योगाच्या मानकानुसार लिहिण्याची मर्यादा संपत आलेल्या सामान्य एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरून ठेवावी अशी अपेक्षा आहे, आणि तापमान वाढलं की हा काळ घटतो. नव्या एसएसडीला एवढी भीती नाही. तरीही घासलेली जुनी एसएसडी किंवा स्वस्तातला पेन ड्राइव्ह बॅकअप घेऊन कपाटात टाकायचा आणि चंद्रपूरचे दोन उन्हाळे तिथेच जाऊ द्यायचे, हे करू नये. कपाटात ठेवायची प्रत फिरत्या चकतीच्या डिस्कवर असावी.

पेन ड्राइव्हचा दुसरा धोका बाजारातला. २५६ जीबी लिहिलेला आणि आत प्रत्यक्षात ८ जीबीच असलेला माल सर्रास विकला जातो. त्यावर फाइली जाताना दिसतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. ‘एफथ्री’ नावाचं छोटं मुक्तस्रोत साधन ड्राइव्ह पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतं. नवा ड्राइव्ह आणला की आधी ते चालवावं, मग त्यावर विश्वास टाकावा.

आणि पूर. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली जाऊन तालुका तुटणं हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे, २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी गावात पुन्हापुन्हा शिरलं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेकाठची ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी भागातली गावं बुडाली. जुलै २०२२ मध्ये इरई आणि वर्धा नद्यांच्या पुराने चंद्रपूर शहराच्या सखल वस्त्यांत पाणी आलं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम जगभर सांगितला जातो. इथे त्यात एक दुरुस्ती हवी: दुसरं ठिकाण त्याच नदीच्या काठावर नसावं. भामरागडची दुसरी प्रत भामरागडमधल्याच दुसऱ्या आळीत ठेवून उपयोग नाही, ती आलापल्लीला असावी. दुसरं ठिकाण निवडताना अंतरापेक्षा पाण्याची पातळी पाहावी.

खंडणीखोर व्हायरस आपल्यापर्यंत येत नाहीत, हा समजही खरा नाही. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं ठप्प केलं, तेव्हा न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनलही बंद पडलं. कंपनीचे जाळं चालवणारे मुख्य सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. पुढे सगळं जाळं त्या एका प्रतीवरून उभं राहिलं. सतत जोडलेल्या दहा प्रतींपेक्षा तारेवेगळी केलेली एक प्रत मोलाची ठरते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, हा नियम त्यातून येतो. सिंकथिंगसारखं साधन बॅकअप नव्हे, हेही. एका बाजूला फाइल पुसली की दुसऱ्या बाजूलाही ती पुसली जाते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय त्यात आहे, पण ती आपण मुद्दाम चालू करावी लागते.

अख्खी डिस्क उचलणारी साधनं

पहिला प्रकार इमेजचा. संपूर्ण डिस्क जशीच्या तशी, विंडोजसकट, प्रिंटरच्या ड्रायव्हरसकट, एका संचात बांधायची. यात तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेलं ‘क्लोनझिला’ आजही सर्वांत भरवशाचं आहे. ते पेन ड्राइव्हवरून चालू होतं, आकाराने लहान आहे आणि डिस्कवर वापरलेला भागच उचलतं. त्याचे पडदे निळे-करडे आणि प्रश्न रूक्ष असतात. ज्याला ते पाहून धास्ती वाटते त्याने ‘रेस्क्यूझिला’ घ्यावं. माऊसने चालतं आणि क्लोनझिलाने घेतलेल्या इमेजही परत बसवू शकतं.

इमेज घेताना आणि परत बसवताना तीन ठिकाणी अडतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर मशीन बंद केल्यासारखं दिसतं, पण डिस्क अर्धवट उघडी राहते आणि क्लोनझिला तिला हात लावायला नकार देतं. ते आधी बंद करावं लागतं. दुसरं, नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप न सांगता लागलेलं असू शकतं. मग क्लोनझिलाला आतलं काहीच वाचता येत नाही, रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क उचलावी लागते, आणि परत बसवताना ४८ अंकी किल्ली मागितली गेली की बहुतेकांना ती कुठे आहे हेच माहीत नसतं. ही किल्ली आजच कागदावर छापून ठेवावी. तिसरं, इमेज परत बसवण्याची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कची इमेज ४८० जीबीच्या नव्या एसएसडीवर थेट बसत नाही, आधी भाग लहान करून घ्यावा लागतो.

वेळेचा हिशेबही आधी करावा. जुन्या मशीनच्या यूएसबी २ जोडणीतून सेकंदाला तीसेक एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला साडेचार तासांहून जास्त. साधा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं धरतो. परत बसवणं मध्येच तुटलं तर मूळ इमेज सुखरूप राहते, पण डिस्क अर्धवट लिहिली जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून इमेजचं काम लॅपटॉपवर बॅटरी भरून, किंवा लाइन टिकते अशा ठिकाणी नेऊन करावं.

इमेज रोज घ्यायची नसते. मशीन नवं लावून, मराठी कळफलक, प्रिंटर, स्कॅनर सगळं बसवून झालं की एकदा, आणि मग वर्षातून एकदा. तेवढ्यानेच दुकानदाराकडचा तो ‘फॉरमॅट’ टळतो. मात्र ती त्याच मशीनसाठी खरी उपयोगाची. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बसवलेलं विंडोज चालू होईलच असं नाही, डिस्क जोडण्याची पद्धत वेगळी निघाली तर ते निळा पडदा दाखवतं. लिनक्स अशा वेळी बरंच समजूतदार वागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अनेक जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे लिनक्सचा विचार आता अनेक घरांत आणि कार्यालयांत करावाच लागणार आहे.

लिनक्सवर आलेल्यांनी एक गैरसमज आधीच दूर करावा. ‘टाइमशिफ्ट’ यंत्रणेच्या फाइली मागच्या तारखेला नेतं, आपल्या फाइली नव्हे. घरचं फोल्डर ते मुळात वगळतं. ‘टाइमशिफ्ट लावलंय, काळजी नाही’ असं म्हणणाऱ्याची कागदपत्रं बहुतेक वेळा कुठेच नसतात.

रोजच्या फाइली

ज्या फाइली पुन्हा निर्माण करता येत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा प्रकार. इथे सर्वांत जुनं आणि अजूनही सर्वांत स्वच्छ साधन म्हणजे ‘आरसिंक’. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये केलं. बदललेलं तेवढंच ते नेतं, आणि पलीकडे साधी फोल्डरं, साध्या फाइली तयार होतात. परत आणायला कुठलंही साधन लागत नाही, डिस्क जोडा आणि उघडा. विंडोजवर ‘रोबोकॉपी’ जवळपास हेच करतं. ते मुक्तस्रोत नाही, पण त्याने केलेली प्रत कुणालाही उघडता येते, म्हणून माझा त्याला आक्षेप नाही. जिथे संगणक चालवणारा दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो तिथे या साधेपणाचं मोल फार आहे.

साध्या प्रतीची कमतरता अशी, की तेंदूचा तक्ता मंगळवारी बिघडला आणि बुधवारी प्रत घेतली तर बिघडलेलाच तक्ता चांगल्यावर बसतो. त्यासाठी ‘बॉर्ग’, ‘रेस्टिक’ आणि ‘कोपिया’ ही नव्या पिढीची साधनं आहेत. ती फाइलीचे तुकडे करतात, एकसारखा तुकडा एकदाच साठवतात, सगळं कुलूपबंद करतात आणि प्रत्येक दिवसाचं चित्र वेगळं राखतात. महिनाभराच्या तीस प्रती तीसपट जागा खात नाहीत. लाइन गेल्याने अर्धवट तुटलं तरी आधीच्या प्रतींना धक्का लागत नाही आणि पुढच्या वेळी गेलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागत नाहीत. बॉर्ग लिनक्सवरचं, त्याला ‘व्होर्टा’ किंवा ‘पिका’ हा माऊसने चालणारा चेहरा मिळतो. विंडोजवर कोपिया बरं, कारण त्याची स्वतःची खिडकी आहे. रेस्टिक ही एकच फाइल असते, तीच पेन ड्राइव्हवर घेऊन जाता येते, पण आज्ञा टंकायची सवय हवी.

कुलुपाची गरज इथे चैनीची नाही. सेवा केंद्राच्या संगणकात गावाचे आधार, बँक पासबुकं, जातीचे दाखले असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात ही जबाबदारी नावानिशी लिहिलेली आहे, आणि कायदा नसता तरी लोकांच्या कागदांची उघडी डिस्क बसमध्ये विसरणं हे वाईटच. पण या कुलुपांना मागचा दरवाजा नाही. पासवर्ड हरवला की डेटा गेला, कुणीही परत आणू शकत नाही. म्हणून पासवर्ड दोन बंद पाकिटांत, दोन वेगळ्या घरांत असावा.

ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, ठेवण्याबद्दल थोडक्यात. सेकंदाला एक मेगाबिट वर जाणाऱ्या जोडणीतून १०० जीबी पाठवायला अखंड नऊ दिवस लागतात. ताडोब्यात फिरणाऱ्या छायाचित्रकाराच्या एका हंगामाच्या मूळ फाइलींसाठी हा मार्ग नाही. ग्रामसभेचे ठराव, हिशेब आणि नकाशे मात्र एक-दोन जीबीत बसतात, तेवढे ‘आरक्लोन’ या साधनाने किंवा रेस्टिकने कुलूप लावून वर पाठवून द्यावेत. छायाचित्रांना दोन डिस्क आणि त्यांची अदलाबदल हेच खरं उत्तर आहे.

मराठीची अडचण

परदेशी मार्गदर्शकांत जे कुठेच सापडत नाही ते इथे आहे, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २००० च्या दशकातले, आणि काही ठिकाणी कालपरवाचेही, ठराव आणि निवेदनं ‘श्री-लिपी’, ‘आयएसएम’, ‘कृतीदेव’, ‘शिवाजी’ अशा फॉन्टांत टंकलेली आहेत. या फाइलींत मराठी अक्षरं नसतातच, रोमन चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. बॅकअप अगदी बिनचूक घेतला, बिनचूक परत आणला, आणि नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. काही जुनी मराठी साधनं डोंगलच्या कुलपावर चालत, डोंगल हरवला की इमेज परत बसवूनही ती मुकीच राहतात. यावर तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. फॉन्टांचं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यावं. महत्त्वाच्या कागदांची फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढावी. आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून, माणसाने वाचून तपासून ठेवावा, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरं चुकतात.

गोंडीचं काम करणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ मध्ये आली आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. त्याआधीचं लेखन ज्या फॉन्टात झालं तो फॉन्ट करणाराच कधीकधी एकटा माणूस होता. आजी-आजोबांच्या आवाजातली माडिया गाणी आणि कथा कुणी ध्वनिमुद्रित केल्या असतील तर त्या फाइली या सगळ्या लेखात सांगितलेल्या कशाहूनही अगोदर वाचवाव्यात. ठरावाची दुसरी प्रत तहसिलीत सापडू शकते, गेलेल्या माणसाचा आवाज कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

दुसरी अडचण फाइलीच्या नावांची. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्करचनेत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे एकूण ८५ चिन्हं. ‘सामूहिक वनहक्क व्यवस्थापन आराखड्यास मंजुरी देण्याबाबत विशेष ग्रामसभेचा ठराव अंतिम दुरुस्त प्रत’ असं नाव विंडोजवर खुशाल चालतं, लिनक्सवर नेताना ती फाइल मागे राहते आणि शेवटी एक ओळीची तक्रार येते, जी कोणी वाचत नाही. कोपिया किंवा रेस्टिकमध्ये प्रत घेताना हे दिसतही नाही, परत आणताना उघडकीला येतं. नाव आखूड ठेवावं, तारीख पुढे घालावी.

नकाशांचंही असंच. ‘क्यूजीआयएस’मध्ये काढलेली गावाची सीमा बहुधा ‘शेपफाइल’ असते, आणि शेपफाइल नावाने एक असली तरी प्रत्यक्षात एकाच नावाच्या चार-पाच फाइलींचा संच असतो. ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर त्यातली एकच उचलली तर सीमा उघडत नाही, उघडली तरी गट क्रमांक आणि नावं गायब असतात. पूर्ण फोल्डरच उचलायचं, आणि सोबत जीपीएस यंत्रातल्या मूळ नोंदीही ठेवायच्या. सरपंच-ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीचं टोकन मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही. त्यातली किल्ली बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना आहे. ते हरवलं तर नवीन काढावं लागतं, त्यासाठी लागणारी कागदपत्रं तेवढी जपून ठेवता येतात.

परत आणण्याचा दिवस

डिस्क खडखडू लागली, मशीन अडखळू लागलं, की पहिली चूक होते ती दुरुस्तीची. विंडोज ‘डिस्क तपासू का’ विचारतं आणि आपण हो म्हणतो. मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं थांबवायचं असतं. मशीन बंद करून, पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ने तिची प्रत काढायची. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि मग त्यांच्याकडे परत येतं. लाइन गेली तरी त्या नोंदीवरून पुढे सुरू होतं. त्यानंतरची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची. चुकून पुसलेले फोटो किंवा फॉरमॅट झालेलं कार्ड असेल तर ‘फोटोरेक’ बरंच परत आणतं, फाइलींची नावं मात्र जातात.

पण ही झाली बॅकअप नसल्याची कथा. असला, तरी तो चालेल हे कशावरून? जानेवारी २०१७ च्या शेवटच्या दिवशी गिटलॅब या संगणकांच्याच क्षेत्रातल्या कंपनीत मुख्य विदा चुकून पुसला गेला. पाच वेगवेगळ्या पद्धतींनी बॅकअप घेतला जात असल्याचं त्यांच्या यादीत होतं, प्रत्यक्षात वेळेवर एकही धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीने त्यांना वाचवलं. तिथल्या लोकांना ज्ञान कमी होतं असं नाही, परत आणून पाहिलेलं नव्हतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत या तपासणीला एक नैसर्गिक मुहूर्त आहे. मे अखेरीस तेंदूचा हंगाम आटोपतो, हिशेबाच्या फाइली पूर्ण झालेल्या असतात आणि मृग अजून लागायचा असतो. पुराच्या आधीचे हे थोडे दिवस आहेत. त्या वेळी बॅकअपची डिस्क दुसऱ्याच्या मशीनला जोडावी, ज्याने ती लावली नाही अशा माणसाच्या हाती द्यावी, आणि त्याला चारच फाइली मागाव्यात: सर्वांत जुना ठराव, चालू वर्षाचा तेंदूचा तक्ता, सीमेचा नकाशा, आणि एखादी मुद्रित केलेली आवाजाची फाइल. त्या उघडल्या, मराठी नीट दिसली, नकाशावर गट क्रमांक आले, आवाज ऐकू आला, तर बॅकअप आहे. बॉर्ग आणि रेस्टिकला सगळे तुकडे वाचून तपासण्याची आज्ञाही देता येते, ती रात्रभर चालू ठेवावी.

हे काम एका हुशार पोरावर सोपवू नये. तो पोलीस भरतीत निवडला जाईल, नागपूरला शिकायला जाईल, आणि जाताना सगळं त्याच्या डोक्यात घेऊन जाईल. वेगवेगळ्या घरांतली दोन माणसं असावीत, त्यांतली एक बाई असावी असं मी आवर्जून सुचवेन, कारण गाव सोडून न जाणारी आणि बचत गटाची वही नेमाने लिहिणारी माणसं बहुधा बायकाच असतात. दोन डिस्कची किंमत एका हंगामाच्या उलाढालीपुढे नगण्य आहे, ती ग्रामसभेच्या निधीतून ठरावाने घ्यावी. कोणत्या डिस्कवर काय आहे, कोणतं साधन वापरलं, त्याची आवृत्ती कोणती, पाकिटं कोणाकडे आहेत, हे ठराववहीत पेनने लिहून ठेवावं. आणि प्रत्येक डिस्कवर, कुलूपबंद भागाच्या बाहेर, तीच साधनं पुन्हा बसवण्याच्या फाइली ठेवाव्यात: क्लोनझिलाची फाइल, विंडोजसाठीचं आणि लिनक्ससाठीचं रेस्टिक किंवा कोपिया, लागणारे फॉन्ट, आणि मराठीत लिहिलेलं एक पान, ज्यात पहिली पायरी कोणती एवढं तरी असेल. म्हणजे पूल पाण्याखाली असताना, मोबाइलला रेंज नसताना, तालुक्याच्या कुठल्याही चालू संगणकावर ते दप्तर उघडता येईल.